भोपळ्यावर दीड किलो

चावीवाल्याचा हात थरथरतो ही बातमी बाजारभर झाली, तेव्हा त्याच्या बायकोला हसावं की रडावं कळेना. शिंप्याचा हात थरथरला तर शिवण वाकडी येते, लोक कुरकुरतात आणि घालतात. पण परक्याच्या दारापुढे ओणवं बसून कुलपात तार घालणाऱ्याचा हात थरथरला, की तो थेट चोर दिसतो. एका घरमालकाने तर स्वतःच बोलावलेल्या या माणसाला पोलिसांत द्यायची तयारी केली होती. तेव्हापासून नवरा दुकानातच किल्ल्या घाशीत बसे, आणि त्यातल्या निम्म्या गिऱ्हाइकं परत आणून देत. असंच चाललं तर एक दिवस दुकानालाच कुलूप लागणार, हे तिला दिसत होतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सनची शंका घेतली आणि शेजारच्या खोलीतल्या संशोधक बाईंकडे पाठवलं. बाई तरुण, कामाला वाघ. अभ्यासासाठी तीस रुग्ण हवे होते, एकोणतीस जमले होते. चावीवाल्याला पाहून त्यांचा चेहरा असा खुलला, की बायकोला जरा रागच आला.

बाईंनी नीट समजावलं. अंडी, दूध, डाळी, शेंगदाणे यांत ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो. शरीर त्यातून बऱ्याच चांगल्या गोष्टी बनवतं आणि जाता जाता क्विनोलिनिक आम्लही बनवतं. ते मेंदूत फार साठलं, तर तिथल्या पेशींना डिवचून डिवचून मारतं.

"तुमच्या आजारात त्याचा हात आहे का, तेच शोधतोय आम्ही. रक्तात मोजू. आठवडाभर काय काय खाता ते या वहीत लिहा. नेहमीचंच खा हं, काही बदलू नका."

शेवटचं वाक्य बायकोपर्यंत पोचलंच नाही. ती 'मारतं'पाशीच थांबली होती.

घरी येताच तिने अंडी शेजारणीला देऊन टाकली, शेंगदाण्यांची बरणी माळ्यावर ढकलली, आणि भोपळा आणला. अख्खा.

"हे काय?"

"सूप. घ्या हो गुपचूप."

"सकाळीही हेच होतं."

"सकाळी पातळ होतं."

आठवड्याने बाईंनी वही उघडली. सोमवार भोपळा, मंगळवार भोपळा, बुधवार भोपळा (मीठ कमी). मग त्यांनी चावीवाल्याला पुन्हा वजनकाट्यावर उभं केलं.

"भोपळ्यावर दीड किलो वाढलात?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे पाहिलं.

"दुकानात," तो त्या चित्रालाच म्हणाला, "अधूनमधून अंडं खातो."

"किती?"

"उकडलेलं."

"किती विचारलं मी, कसं नाही."

"रोज... सहा."

"मी इथे तुमच्या मेंदूसाठी भोपळा सोलून सोलून बोटं सोलवटून घेतली, आणि तुम्ही..."

"अगं, घरात मिळतं काय मला? भोपळा आणि सकाळची ती गोळी!"

बाईंचं पेन थांबलं. "कुठली गोळी?"

"चक्करची हो," बायको म्हणाली. "शिडीवर चढताना यायची, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी दिली होती. पंधरा दिवस घ्या म्हणाले होते."

"कधी?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि अजून चालू आहे? फॉर्ममध्ये औषधांचं विचारलं होतं ना?"

"कुठल्या आजारावर औषध चालू आहे, असं विचारलं होतं," चावीवाला म्हणाला. "चक्कर कुठे येते आता? बघा बाई, बिघडलं कुलूप उघडून बसवलं तर ती दुरुस्ती. चालत्या कुलपाला थेंबभर तेल घातलं, ते कुणी दुरुस्तीत धरतं का?"

"आणि एक दिवस चुकवली नाही मी," बायको मान ताठ करून म्हणाली. "दर महिन्याला पाकीट आणते."

बाई उठून डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी पाकीट मागवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. फार दिवस घेतली तर हीच गोळी हात थरथरवते. आजपासून बंद. थरथर बहुतेक जाईल, पण महिने लागतील, आणि शब्द देता येणार नाही.

बाईंनी तिसावं नाव खोडलं.

"म्हणजे मी नापास?"

"तुम्ही पास हो. मीच परत एकोणतिसावर."

परतताना बायको गप्प होती. ती गप्प आहे हे कळायला नवऱ्याला तीन गल्ल्या लागल्या.

"अगं, मी मागितली, तू दिलीस."

"एखाद दिवस विसरायला काय झालं होतं मला!"

"तू? तू माझी लग्नाआधीची भांडणंही विसरत नाहीस."

पाच महिने गेले. आधी कपातला चहा बशीत सांडेनासा झाला. मग परत येणाऱ्या किल्ल्या थांबल्या. मग त्याच घरमालकाचं कुलूप पुन्हा अडलं, आणि दुसरा कुणी मिळेना. हत्यारांची पिशवी घेऊन बायकोही गेली. सहजच, म्हणाली.

नवरा ओणवा बसला. ती हाताकडे बघत होती. खट्.

मिनिटसुद्धा झालं नव्हतं. घरमालकाने कुलपाकडे पाहिलं, मग चावीवाल्याकडे.

"इतक्या सफाईने? कुलूप आजच बदलतो मी!"

नवरा छाती काढून रस्त्यावर आला. "ऐकलंस? चोर समजला मला!"

"ऐकलं. या वेळी पट्टीचा."

"अंडी घ्यायची?"

"दोन," ती म्हणाली. पिशवी धरलेल्या त्याच्या हाताची करंगळी अजून जराशी हलत होती. ती बघत बायको कोपऱ्यावरच्या वाण्याकडे शिरली आणि सहा घेऊन बाहेर आली.