नव्वद दिवसांपूर्वीच्या नोंदी

माझ्या धाकट्या भावाला प्रोग्राम लिहिता येतो, वाक्य लिहिता येत नाही. म्हणून त्याने निवृत्त भाषाशिक्षिका असलेल्या बहिणीला, म्हणजे मला, कामाला लावलं. त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी मिळून एक साधन बनवलं होतं, कुणीही फुकट घ्यावं आणि वापरावं असं. लोक ज्या डेटाबेसमध्ये आपल्या नोंदी ठेवतात, त्याला वेळच्या वेळी कामं सांगणारं साधन. त्यात बटणं नाहीत की चित्रं नाहीत. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची: अमुक काम, रोज, पहाटे पाच वाजता. मग तुम्ही खुशाल झोपा, काम आपोआप होतं.

"ताई, याची मराठीत माहितीपुस्तिका लिही ना," तो म्हणाला. "तशी कुणी वाचत नाही, पण असलेली बरी."

कुणी वाचत नाही ते लिहायला मीच सापडले का, असं म्हणून मी आठवडाभर आढेवेढे घेतले आणि मग कंबर कसून बसले. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला त्याचा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला माझे शब्दकोश. प्रत्येक आज्ञा स्वतः चालवून पाहिल्याशिवाय मी तिच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. तिथवर सगळं ठीक होतं. पण शेवटच्या वाचनाला माझ्यातली शिक्षिका जागी झाली. 'करून टाकणे', 'देऊन ठेवणे' ही क्रियापदांची शेपटं मी मुलांच्या निबंधांतून तीस वर्षं छाटत आले. पुस्तिकेतही छाटली. 'काढून टाकतं' होतं तिथे नुसतं 'काढतं' ठेवलं. अशा एक्केचाळीस जागा होत्या. वाक्यं बारीक झाली आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

सात महिन्यांनी, लोक जिथे अडचणी विचारतात त्या पानावर एक पत्र आलं. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि त्या पानावर हा चमत्कारच म्हणायचा.

"मी निवृत्त मुद्रितशोधक आहे," असं लिहिलं होतं. "माझ्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. आता एकेक शब्द परत येतो आहे. आलेला प्रत्येक शब्द मी तारखेसह नोंदवते. लेकीने त्यासाठी डेटाबेस बसवून दिला आहे. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, की तीन महिन्यांहून जुने शब्द रोज सकाळी म्हणून घ्या, नाहीतर ते पुन्हा जातात. तुमच्या पुस्तिकेत एक तयार काम दिसलं: 'हे काम नव्वद दिवसांपूर्वीच्या नोंदी काढतं.' ते मी पहाटे पाचला लावलं. सकाळी चारशे बारा शब्दांपैकी अडतीसच दिसले. बाकीचे कुठे काढून ठेवले आहेत, ते कृपया कळवावं."

मी ते पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि खुर्ची ओढून बसले. ते काम कुठेही काही काढून ठेवत नव्हतं. ते पुसत होतं.

"अरेरे," धाकटा म्हणाला. मग लगेच सावरला. "पण ताई, प्रोग्रामने सांगितलं तेच केलंय. आणि आधी दुसरी प्रत काढून ठेवा, असं आपण लिहिलंय की."

"कुठे?"

"नवव्या प्रकरणात."

"आणि हे काम?"

"चौथ्या."

"मग मधली चार प्रकरणं त्या बाईने काय श्वास रोखून बसायचं?"

"लोक नीट वाचत नाहीत गं."

"नाचता येईना अंगण वाकडं! ही बाई फार नीट वाचते, तिथेच तर घात झाला. छापखान्यात 'प्रुफं काढ' म्हटल्यावर कुणी प्रुफं फेकून देत नाही, छापून समोर आणून ठेवतात. लोक फोटो काढतात, अंक काढतात. आपण आईची आठवण काढतो तेव्हा ती पुसतो का?"

माझा भाऊ बोलण्यात कोडगा आहे, मनाने नाही. त्याने त्या बाईंच्या लेकीला गाठलं, संगणकातल्या फाइली मागवून घेतल्या आणि दोन दिवस त्या खणत बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे न बघताच म्हणाला, "त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय. काही उरलेलं नाही."

"कागदावर?"

"लेक म्हणाली, आई आधी चिठ्ठ्यांवर लिहायची. टाइप करून झालं की रद्दीत. संगणकात आहे ना, म्हणून."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी उत्तर लिहितो. गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत, वगैरे."

"गैरसमज तिचा नाही. वाक्य माझं आहे."

"पुस्तिकेवर कुणाचंच नाव नाही, ताई. तू कशाला पुढे होतेस?"

खरं सांगते, क्षणभर मलाही ते बरं वाटलं. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी लेकीकडून नंबर घेऊन फोन लावला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. ते वाक्य मी लिहिलं, 'टाकतं' मी छाटलं, आणि शब्द परत मिळणार नाहीत, हे एका दमात सांगितलं.



"का छाटलंत?" बाईंनी विचारलं.

"वाक्य बारीक दिसावं म्हणून."

"हं. माझ्याकडे प्रुफाला आलं असतं तर मीही छाटलं असतं."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"पुन्हा सुरुवात केलीय," त्या म्हणाल्या. "घरभर वस्तू दाखवत फिरते. गेलेल्यांपैकी कालपर्यंत दोनशे साठ म्हणून झाले."

"म्हणजे बरेचसे परत आले," मी घाईने म्हटलं.

"पंखा आला, चावी आली, खिडकी आली. बोट दाखवता येतं ते येतात हो. बोट दाखवता येत नाही ते कुठून आणू? एकशे चौदा शब्द राहिलेत, आणि ते कुठले, हेच मला सांगता येत नाही. यांना विचारून उपयोग नाही. यांचा एखादा शब्द पुन्हा गेला असेल, तरी मला कळायचं नाही."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाईंनी मला रडू दिलं. मग कामाच्या आवाजात म्हणाल्या, "आता नवीन काय लिहिणार आहात? वाचा बघू. फोन मोठ्या आवाजावर ठेवते, यांनाही ऐकू दे."

मी नाक पुसून समोरचा कागद उचलला. "हे काम नव्वद दिवसांपूर्वीच्या नोंदी पुसून टाकतं."

"पाटी पुसली की पुन्हा लिहिता येतं. वाचणारा घाबरायला हवा."

"नष्ट करतं?"

"हे नोटिशीतलं वाटतं. लोक नोटीस वाचतात आणि विसरतात."

तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि एक जड, पुरुषी आवाज आला. "का... य..."

बाई थांबल्या. म्हणून मीही थांबले.

"कायमचं."

"पुन्हा म्हणा हो," बाई हळूच म्हणाल्या.

"कायमचं," तो आवाज म्हणाला, या वेळी जरा वैतागून.

"हा शब्द आधीच्या यादीत होता?" मी विचारलं.

"काय माहीत." बाई कागद शोधत होत्या. "नवा आहे की जुनाच परत आला, आता कोण सांगणार? थांबा, आधी कागदावर घेते. तारीख काय हो आज?"

मी तारीख सांगितली.

चौथ्या प्रकरणात आता असं वाक्य आहे: "हे काम नव्वद दिवसांपूर्वीच्या नोंदी कायमचं पुसून टाकतं." नोंदींना 'कायमच्या' लागतं, हे मला कळतं. बाईंनाही कळलं असणारच. पुस्तिका सुधारून आठ दिवस झाले, त्यांनी अजून चूक दाखवलेली नाही.