डॉक्टरणीचं वजन

"या अख्ख्या होस्टेलात माझ्याइतकी निरोगी कोणी असेल तर दाखवा," असं म्हणत डॉक्टरीण जिना चढली आणि मधल्याच पायरीवर चक्कर येऊन बसली.

डॉक्टरीण कसली, कॉलेजच्या रिले टीममधली पोरगी. पण मैत्रिणींच्या ताटात डोकावून "साखर म्हणजे विष, तेल म्हणजे विष" सुरू करायची, म्हणून हे नाव. स्वतःच्या ताटात उकडलेली काकडी. सराव संपून बाकीच्या पोरी आडव्या झाल्या, की ही पुन्हा जिने चढायला मोकळी.

चक्कर आल्याची बातमी प्रशिक्षक सरांच्या कानावर गेलीच.

"उद्या वजन करायचं," सर म्हणाले. "भरलं नाही तर टीममधून बाहेर."

टीम म्हणजे तिचा जीव की प्राण. पण त्यासाठी खायचं? छे. पायांना बांधून व्यायाम करायच्या वाळूच्या पिशव्या तिने ट्रॅकपँटच्या आत कमरेला बांधल्या आणि ऐटीत काट्यावर उभी राहिली.

"शाब्बास," सर खूश झाले. "बाळसं धरलंस की. मार बघू मैदानाला एक चक्कर."

ती पळाली. वळणावर एक पिशवी उसवली, पाठोपाठ दुसरी. तिच्या मागोमाग वाळूची रेघ निघाली, ती थेट सरांच्या बुटांपर्यंत आली.

"पण सर, शेवटी वेग बघितलात ना?"

"बघितला. पिशव्या रिकाम्या झाल्यावर वाढला." सरांनी बूट झटकले. "टीम विसर आता. आईला फोन केलाय, घरी जा बाळा."

आई आली ती भली मोठी बॅग खाण्याच्या डब्यांनी गच्च भरूनच.

"काय गं ही दशा. नुसती हाडं राहिलीत."

"याला फिट म्हणतात, आई."

"बरं बाई, फिट. हा एवढा घास घे."

घास तोंडात गेला आणि तिथून रुमालात. आईने पाहिलं. दुसरा भरवला. तोही रुमालात गेला.

आई गाडी बघायला फाटकाशी गेली. डॉक्टरणीने बॅग उचलून पाहिली. चांगली जड होती, आणि आजचा व्यायाम बुडाला होता. तिने बॅग डोक्यावर नेली, खाली घेतली, पुन्हा वर नेली. हँडल तुटलं. बॅग पायावर पडली आणि हाड मोडलं. डब्यांची झाकणंसुद्धा निघाली नाहीत.