निम्मं घमेलं

माझी बायको जयमाला गणपतीनंतर गेली. कावीळ झाली आणि आठ दिवसांत सगळं संपलं. तेराव्याचे पाहुणे परतल्यावर फडताळात तिचा मोहरीच्या बियाचा डबा दिसला.

ते बी तिच्या माहेरचं, आळंदीजवळचं. माहेरच्या शेतावर आता इमारती आहेत, म्हणजे हे बी त्या डब्याशिवाय कुठंच नाही. महाळुंग्यात आमची दहा गुंठे जमीन उरली आहे, दोन बाजूंनी कंपन्यांच्या भिंती. पंचवीस वर्षं जयमाला तिथं मोहरी करायची आणि त्यातलंच बी पुढच्या वर्षाला ठेवायची. मी ठरवलं, हे बी मरू द्यायचं नाही.

खतावरून आमचं दर वर्षी भांडण व्हायचं. तिला शेणखत हवं असायचं, मला युरिया.

“आवं, पिकाला जेवाय घाला. नुसतं टॉनिक काय पाजताय?” ती म्हणायची.

“तुझ्या शेणावर जग चालत असतं, तर एवढे कारखाने कशाला निघाले असते?”

“म्हणून तर तुमच्या कंपनीच्या कँटीनची भाजी तसली लागती!”

शेवटी तोड निघाली. शेणखत तिचं, युरिया माझा. पहिल्या पाण्याच्या वेळी मी भरून एक घमेलं युरिया बांधावर ठेवायचो आणि पहिल्या शिफ्टला जायचो. टाकायची ती. घरी येताना बांधावर रिकामं घमेलं दिसायचं. पीक चांगलं आलं की मी म्हणायचो, माझ्या घमेल्याची करामत. ती नुसती हसायची.

दसऱ्यानंतर मी तिच्या उकिरड्यातलं कुजलेलं शेणखत पसरलं. डबा झाडून सगळं बी पेरलं. ती मूठभर मागं ठेवायची, हे पेरून झाल्यावर आठवलं. महिन्यानं पाणी दिलं आणि भरून एक घमेलं युरिया टाकला. पंचवीस वर्षांचं माप होतं, चुकायचं काही कारण नव्हतं.

मोहरी माझ्या खांद्याला लागली. पानं गर्द हिरवी. जयमालानं बघायला पाहिजे होतं, असं रोज वाटायचं. मग पिकावर मावा ही बारीक कीड पडली. कोवळे शेंडे चिकट झाले, फुलं गळाली. फवारणी केली, पण उशीर झाला होता.

कुसुमवहिनी, माझी थोरली भावजय, शेजारच्याच तुकड्यात गाईसाठी घास करते. ती बघायला आली.

“वहिनी, सगळं तिच्यासारखंच केलं. शेणखत तेवढंच, युरिया भरून घमेलं.”

“भरून?”

“दर वर्षीचंच माप की.”

वहिनी खाली बसली. “भावजी, ती निम्मंच टाकायची. निम्मं माझ्या घासाला द्यायची. म्हणायची, शेणखत घातलंय, वर सगळा युरिया दिला तर पीक माजंल, मावा पडंल. पर ह्यास्नी सांगू नका, घमेलं रिकामं दिसलं की खूश असत्यात.”

“पंचवीस वर्षं?”

“व्हय.”

मला राग आला. खूप भांडावंसं वाटलं, पण भांडायला ती नव्हती.

कंपनीच्या भिंतीकडच्या शेवटच्या ओळीपर्यंत माझा युरिया पुरला नव्हता. तिथली झाडं बुटकी होती, पण त्यांच्या शेंगांत दाणा भरला होता. वहिनीनं आणि मी मिळून ती झाडं बडवली. वाटीभर बी निघालं.

यंदा त्यातलं मूठभर डब्यात ठेवलं, बाकीचं दोन गुंठ्यांत पेरलं. पहिल्या पाण्याला जमिनीच्या मानानं लहान पाटी भरून घेतली. निम्मी टाकली आणि उरलेला युरिया वहिनीच्या दारात नेला. तिनं पोतं पुढं केलं.

येताना रिकामी पाटी बांधावर ठेवली. जयमाला ठेवायची तशी, रस्त्यावरून दिसेल अशी.