नातीशी बोलण्यापुरतं

"काकू, माइक चालू करा ना," बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि पडद्यावरच्या त्या काळ्या चौकोनाकडे पाहत त्या थांबल्या. बाकीचे आठ चेहरे उगाच वह्यांत बघू लागले. चौकोन क्षणभर तसाच राहिला, मग नाहीसा झाला.

"गेल्या," वर्गातला एक बसचालक म्हणाला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई रोज सकाळी सातला मोठ्या माणसांचा हा इंग्रजीचा ऑनलाइन वर्ग घेत. गप्प बसणारी मुलं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. पण भिंतीकडे तोंड करून बसलेलं मूलही वर्गात तरी असतं. इथं एका बोटानं निघून जाता येत होतं.

"बाई, राग मानू नका, पण एक सांगू?" चालक म्हणाला. "जरा चूक झाली की तुम्ही ब्रेक मारता. गाडी स्टॉपवरून हलायची कधी?"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण त्यांनी पुस्तक जरा लवकरच मिटलं.

दुपारी त्यांनी काकूंना फोन केला. पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला.

"मला नाही जमायचं, बाई. लोकांच्या जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला आहे, आणि तेही फक्त इंग्रजीपुरतं."

"मग शिकायला का आलात?"

मशीन पुन्हा सुरू झालं आणि दोन टाके घालून थांबलं.

"माझी मुलगी परदेशात होती. गेल्या वर्षी वारली. तिची मुलगी आहे, सहा वर्षांची. जावई तिकडचेच. पोरीला आपली भाषा येत नाही. दर आठवड्याला फोनवर ती मला बघते, मी तिला बघते. मग जावई बाय म्हणतात. झालं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. पहिली पंधरा मिनिटं दोघा-तिघांनी पडद्यावरच्याच वेगळ्या खोल्यांत जाऊन वाटेल ते बोलायचं, कॅमेरा हवा असेल तरच लावायचा आणि कुणी कुणाची चूक काढायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. काकूंच्या जोडीला त्यांनी चालकाला दिलं.

"काय बोललात?" परत आल्यावर बाईंनी विचारलं.

"मी नात झालो होतो," मिशीवरून हात फिरवत तो म्हणाला. "दूध पिणार नाही म्हणून रडलो. आजीनं लई दटावलं. इंग्रजीत!"

काळ्या चौकोनातून हसू ऐकू आलं. पुढच्या आठवड्यात कॅमेराही लागला. आधी छत दिसलं, मग मशीनचं चाक, मग काकू.

एके सकाळी वर्ग चालू असताना काकूंचा दुसरा मोबाइल वाजला.

"एक्स्क्यूज मी, बाई. नात." त्या घाईनं पाठमोऱ्या झाल्या. माइक बंद करायचा राहिला.

लहान मुलीचा आवाज सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला. आई लहान असताना कशी होती, असं ती विचारत होती. दुधावरून रडणाऱ्या खोट्या नातीनं हे कधी विचारलं नव्हतं. मदतीला म्हणून चालकानं तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.



"युवर मदर… सिंग," काकू म्हणाल्या. "ऑल डे सिंग. व्हेरी, व्हेरी बॅड."

मुलगी खळखळून हसली. "मोअर, ग्रँडमा!"

इतक्या वेळानं बाईंच्या लक्षात आलं की हे आपण ऐकायचं नाही. त्यांनी काकूंचा माइक बंद केला. नंतर त्यांना धडा पुढे नेता येईना. कुणी तशी आठवणही करून दिली नाही.

दहा मिनिटांनी काकू वळल्या. पदरानं तोंड पुसून त्यांनी माइक चालू केला.

"बाई, हट्टीला काय म्हणतात? शब्दच आठवेना. उद्या पुन्हा फोन करणार आहे ती."

"स्टबर्न."

आठ जणांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. काकूंनी ओठांतल्या ओठांत जुळवाजुळव केली.

"माय डॉटर इज स्टबर्न." त्यांनी वर पाहिलं. "बरोबर?"

वाक्य उतरवून घेणारी बाईंची पेन्सिल 'इज'पाशी थांबली.

"बरोबर," त्या म्हणाल्या.