हाताची टीप

मास्तर माणसं कानांवरून ओळखायचे. त्यांच्या नजरेच्या मधोमध धूसर डाग आणि कडेचं तेवढं दिसायचं, त्यामुळे समोरच्याचा चेहरा गायब आणि कान हजर. "या, मोठे कान," असं गिऱ्हाइकाचं स्वागत व्हायचं आणि गिऱ्हाईकही हसायचं. शर्ट शिवायला कानांची मापं कुठे लागतात म्हणा! दुकानातलं ते हसू टिकावं म्हणून मास्तरीण जिवाचं रान करत होती.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दुपारी जेवून मास्तर आडवे झाले, की ती तयार शर्ट उचलून मागच्या खिडकीशी न्यायची. कुठे टीप कापडावरून घसरलेली, कुठे कफ एका अंगाला उतरलेला. ती सगळं उसवायची आणि पुन्हा शिवायची. मशीन लावलं असतं तर मास्तर जागे झाले असते, म्हणून सगळं हातानं. आईनं शिकवलेली हाताची टीप ती. वरून बघाल तर मशीनच्या तोंडात मारेल अशी. चहाच्या वेळेला शर्ट परत जागच्या जागी. संध्याकाळी गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तर, हात अजून तसाच आहे हो. मास्तरांची मान ताठ व्हायची आणि हिला सगळ्या कष्टांचं चीज झाल्यासारखं वाटायचं.

वेडी माया म्हणतात ती हीच, दुसरं काय!

खरं तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. डाग जाणार नाही, पण उरलेल्या नजरेनं आपली कामं आपण कशी करायची हे शिकवणारं एक केंद्र आहे. नजर आहे तोवर शिकलेलं अंगात मुरतं. मास्तर तेव्हा बाहेर औषधं घेत होते. हिनं परस्पर सांगून टाकलं, की त्यांचं छान चाललंय, उगाच कशाला त्यांना आंधळ्यांत नेऊन बसवायचं. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही.

मग ती न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. आता मास्तर शिवतील तसाच शर्ट दुकानाबाहेर पडू लागला. पहिला परत आला तो शेजारच्या औषधवाल्याचा. बिचारा भांडला नाही, त्यानं मास्तरांचं बोट धरून कॉलरवर ठेवलं. एक टोक दुसऱ्यापेक्षा चांगलं अर्धं बोट लांब होतं. नजर एकाएकी गेली गं, असं म्हणून मास्तर मशीनवरून उठले ते दिवसभर परत बसलेच नाहीत. केंद्राचा पत्ता मास्तरणीनंच शोधून काढला.

केंद्रातली शिक्षिका घरी आली. तिला स्वतःलाही अर्धवटच दिसायचं. मान तिरकी करून बघायची. शाळकरी पोरांपासून पणजोबांपर्यंत सगळे तिचे विद्यार्थी. तिनं दिवा सुईच्या बाजूला खाली आणला. कापडाची कड टेकवून सरळ सरकवता यावी म्हणून मशीनच्या पत्र्यावर लोहचुंबकाची पट्टी बसवली. वरून दोरा दाबला की आपोआप ओवला जाईल अशी खाचेची सुई दिली. डोळ्यांना नाही कळलं तर बोटांना विचारा, म्हणाली, आधी वरून बोट फिरवा, मग आतून. मास्तरांनी कॉलरचं विचारलं. ती खोटं बोलली नाही.

"दोन वर्षांपूर्वी आला असतात तर कॉलरही जमली असती. आता अभ्रे, पिशव्या, पडदे. ते मात्र नक्की जमेल, आणि कुणाच्या मदतीशिवाय."

दारात उभी मास्तरीण चहाचं निमित्त करून आत वळली.

शिक्षिका गेल्यावर मास्तरांनी बोटांच्या सरावासाठी कपाटातले आपलेच शर्ट मागितले, अलीकडे स्वतःसाठी शिवलेले. नाही म्हणायला हिला कारण सुचेना. त्यांनी शर्ट उलटा केला आणि कॉलरवरून आतून बोट फिरवलं. मशीनची टीप दोन्ही अंगांनी सपाट असते. हाताच्या टिपेत आतल्या बाजूनं टाक्यावर टाका चढत जातो आणि तो दोरा बोटाला लागतो. मास्तरांनी कफ चाचपला. दुसरा शर्ट घेतला, मग तिसरा.

"ही तुझी टीप आहे," ते म्हणाले.

तिनं सगळं सांगितलं. दुपारचं उसवणं, आणि डॉक्टरीणबाईंना परस्पर दिलेलं उत्तरही. मास्तर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते मांडीवरचा शर्ट नुसता चाचपत राहिले.

"अगं, मला वाटत होतं, मी अजून शिवतोय."

मग ते उठून मशीनवर बसले आणि अभ्रा घेतला. टीप पट्टीच्या कडेनं नीट गेली, पण कोपऱ्यापाशी भरकटली. हिचा डावा हात सवयीनं पुढे आला. तिनं तो मांडीखाली दाबून धरला. मास्तरांनी बोट फिरवलं, चूक सापडली, आणि हात पसरून उसवायची कातर मागितली. इतके दिवस ती हिच्याच डब्यात असायची. त्यांनी स्वतः उसवलं. वेळ लागला, कापडही थोडं फाटलं, पण कोपरा दुसऱ्यांदा सरळ आला.

मान न वळवता त्यांनी तिला भिंतीवरचे कॉलर बेतायचे पुठ्ठे काढून ठेवायला सांगितलं, आता ते लागणार नाहीत म्हणाले. ती उठली आणि एका हातानं खिळ्यावरून एकेक पुठ्ठा काढू लागली.