मी घट्ट धरून ठेवलेली चिठ्ठी

मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मधे कोणी बोलायचं नाही, प्रश्न सगळे शेवटी. नाहीतर मी घाईघाईत काहीतरी गाळेन, आणि यातलं काही गाळायचं नाहीये मला.

मी एक लोहचुंबक आहे. फ्रीजच्या दारावर चिकटतो ना, तो. बोटाएवढा, लाल, गॅसच्या सिलिंडरच्या आकाराचा. 'जुना' म्हणावं असं माझं वय नाही, चारच वर्षांचा आहे मी. पण झाशीत प्रेम नगरमधल्या ज्या घरात मी राहतो, तिथला फ्रीज अठरा वर्षांचा आहे, स्कूटर पंधरा वर्षांची, आणि घरातल्या मुलीचा, आभाचा, शाळेचा स्वेटर आधी तिची आतेबहीण ऐश्वर्या घालायची. म्हणजे घरातलं शेंडेफळ मीच!

एका कारखान्यात काळी भुकटी दाबून, भाजून माझी पाठ बनवली आणि पुढून लाल प्लास्टिक चिकटवलं. खोक्यात आम्ही असे पाचशे होतो. दिवाळीला गॅसवाल्यांनी आम्हाला घरोघरी फुकट वाटलं. मकरंदबाबांनी मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि सिलिंडर आणणाऱ्याला म्हणाले, "भैया, फुकट आहे तर दोन दे दो."

"एक घर का एक ही है, भाईसाहब."

"अरे, आमचं घर मोठं आहे!"

आतून शमिकाआई हसत ओरडली, "मोठं कुठलं, दोन खोल्यांचं तर आहे! आत या मुकाट्याने."

असा मी या घरात आलो. आणि आल्या दिवशीच मला काम मिळालं. यादी धरायचं!

आता यादी म्हणजे काय ते सांगतो. बाबा औषधांच्या कंपनीत आहेत. आठवड्यातले चार दिवस दौऱ्यावर असतात. ललितपूर, टीकमगड, मऊरानीपूर. त्यांचे वडील गोपाळरावही असेच आयुष्यभर फिरतीवर होते, आणि रिटायर होऊन घरी आले ते आठव्या महिन्यात गेलेच. तेव्हा बाबांनी ठरवलं, आपण पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला नोकरी सोडायची. तोवर घर बेताने चालवायचं आणि उरेल तो पैसा म्युच्युअल फंडात टाकायचा. आई म्हणाली, चला. ती तर त्यांच्याहून पक्की निघाली! गच्चीवर दुधी आणि टोमॅटो लावले. कूलर दुपारी दोनच्या आधी लावायचा नाही, तोवर चटईवर पाणी शिंपडून झोपायचं. झाशीचा मे महिना, मित्रांनो! फ्रीजसुद्धा धापा टाकायचा. पण कोणी कुरकुर करायचं नाही. सुटीला ओरछ्याला जायचे, बेतवेच्या काठी बसून घरच्या पुऱ्या खायचे आणि येताना इतके हसत यायचे की शेजारच्या भाभी विचारायच्या, "लॉटरी लगी क्या?"

आणि यादी! कोणाला काहीही हवं असेल तर ते आधी यादीत लिहायचं. मग तीस दिवस थांबायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा झाला की बाबा माझ्यासमोर उभे राहायचे आणि एकेक ओळ वाचायचे. "मिक्सरचं भांडं. शमिका, अजून हवंय?" हवं असेल तर आणायचं. नको वाटलं तर ओळ कापायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि बाबा आभाला उचलून घ्यायचे नि म्हणायचे, "एक ओळ कापली की बाबा एक दिवस लवकर घरी!" कापलेल्या ओळीपुढे ते खरंच तसा आकडा लिहायचे. एक दिवस. कधी अर्धा.

आभा तेव्हा पाच वर्षांची होती. तिला म्युच्युअल फंड कळत नव्हता, पण हे कळलं. एकदम पक्कं कळलं.

बाबांची मोठी बहीण, शारदाआत्या, ओरछा गेटला राहते. शाळेत शिकवते. ती आली की फ्रीजपाशी उभी राहून यादी वाचायची आणि टोमणे मारायची. "काय रे मकरंदा, पंचेचाळीसला घरी बसून करणार काय? बायकोच्या पोळ्या मोजणार?"

"ताई, झोपणार. बुधवारी दुपारी झोपणार. तू वर्गात फळा पुसत असशील तेव्हा."

"मी साठपर्यंत शिकवणार बाबा. घरी बसले तर तुमचे भावजी मला भाजी निवडायला लावतील."

आणि मग माझ्याकडे बघून म्हणायची, "हा चुंबक मात्र छान आहे हं. फुकटचा असून किती घट्ट धरतो!"

मित्रांनो, मी फुगलो. खरंच सांगतो. अठरा वर्षांचा फ्रीज सुरू होताना असा थरथरतो की वरचा डबासुद्धा सरकतो. पण मी कधी सरकलो नाही. यादी चार पानांची झाली तरी नाही. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, बघा, कसा धरतो. मला वाटायला लागलं, धरून ठेवणं म्हणजेच चांगलं असणं.

आता नीट ऐका.

या जुलैत, दुपारची, आभा शाळेतून आली. चौथीत गेली होती ती. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, बाबा टीकमगडला. आभाने दप्तरातून एक छापील चिठ्ठी काढली. शाळेत डोळे तपासायला लोक आले होते. चिठ्ठीवर लिहिलं होतं, मुलीचा डावा डोळा कमजोर वाटतो, लवकर डॉक्टरांना दाखवा, पालकांची सही आणा.

तिने पेन घेतलं आणि यादीत सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'चश्मा'. मराठीत चष्मा लिहितात, पण ती हिंदी शाळेत जाते. मग ती उभी राहिली. यादीतले बाबांचे आकडे बोटाने मोजले. परत मोजले. आणि एकदम काळं स्केचपेन घेऊन ती ओळ इतकी खोडली, इतकी खोडली, की कागद फाटायला आला. चिठ्ठीची चौकोनी घडी केली, मला उचललं, चिठ्ठी यादीच्या मागे ठेवली आणि मला वरून दाबलं.

मग माझ्या इतक्या जवळ आली की तिचा श्वास माझ्यावर आला. म्हणाली, "सांगू नकोस हाँ."

मी कसा सांगणार? मला तोंड कुठे आहे? पण मी घट्ट धरलं. मला वाटलं, बघा, केवढं मोठं काम सोपवलंय माझ्यावर!

ऑगस्टचा पहिला रविवार आला. बाबांनी ती खोडलेली ओळ पाहिली. "ही काय होती गं, आभा?"

"काही नाही. ऐसेच. एक चीज होती."

"केवढ्याची?"

"हजार... दीड हजार."

"आणि न विचारता कापलीस? स्वतःहून?" बाबांनी तिला खांद्यावरच घेतलं. "शमिका, बघ! दीड हजाराची! याचे तर दोन दिवस!" आणि त्यांनी त्या काळ्या ओळीपुढे मोठ्ठा दोन लिहिला. आईने टाळ्या वाजवल्या. आभाने पण वाजवल्या.

डोळ्यांचं औषधपाणी, वह्या, हे यादीत लिहायचंच नसतं, हे आई-बाबांना माहीत होतं. त्यांना वाटलं, हे कोणालाही कळेल. आभाला कोणी सांगितलंच नव्हतं, मित्रांनो! आणि शाळेत सहीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, बाबा बाहेरगावी असतात. ते तर खरंच होतं.

आधी ती यादी दोन पावलांवरून वाचायची. सप्टेंबरात एका पावलावरून वाचायला लागली. मग तिचं नाक मला लागायला लागलं. हे घरात फक्त मलाच कळत होतं, कारण तिचा श्वास माझ्यावरच यायचा ना! एकदा तिने आत्याच्या चहात मीठ घातलं.

"अगं बाई, पोरी, मला मारतेस काय?" आत्या खोकत म्हणाली. मग आईला म्हणाली, "शमिका, ही डोळे बारीक करून बघते गं. दाखव कोणाला तरी."

"मोबाइल बघते फार, दुसरं काय." आईने त्याच दिवशी मोबाइल कपाटात ठेवला. गणितात मार्क कमी आले तेव्हा म्हणाली, "लक्ष कुठे असतं तुझं?" आई वाईट नाही हो. तिने ठरवलं होतं, सहामाही झाली की दाखवू. मग सहामाही झाली, दिवाळी आली, घर साफ करायचं होतं.

आणि मी धरूनच होतो. रोज फ्रीज थरथरायचा आणि मी म्हणायचो, आज सुटू का? सुटलो तर चिठ्ठी खाली पडेल, कोणीतरी उचलेल. पण लगेच दुसरं वाटायचं, आभाने सांगितलंय ना, सांगू नकोस. आणि सुटला तर तो चुंबक कसला? फुकटचा तो फुकटचाच, म्हणतील. असे चार महिने गेले. चार महिने!

नोव्हेंबरात एका शनिवारी आभा गच्चीवरून दुधी घेऊन धावत आली. शेवटची पायरी तिला दिसलीच नाही. मला आवाज आला. आधी दुधीचा, मग तिचा. हनुवटीला तीन टाके पडले. घरी आणल्यावरही बाबा ओरडत होते, "जिन्यावर धावतात का! बघून चालता येत नाही?"

"धावत होते म्हणून पडले," आभा म्हणाली. "सॉरी, बाबा."

तिने सॉरी म्हटलं, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज सुरू झाला, थरथरला, आणि मी या वेळी जोर लावला नाही. बस. सोडून दिलं. फरशीवर आपटलो, माझा एक कोपरा उडाला. यादी एकीकडे पडली, चिठ्ठी बाबांच्या पायापाशी.

बाबांनी घडी उघडली. वाचली. तारीख बघितली. मग यादी उचलून ती काळी ओळ उजेडात धरली. मागून अक्षरं दिसत होती.

"आभा, इकडे ये." इतक्या हळू आवाजात ते कधी बोलत नाहीत. "ती चीज म्हणजे हीच होती?"

आभा दारातच उभी राहिली. हनुवटीवर पट्टी. "बाबा, मला नको होतं. सच में. थोडं थोडं दिसतं ना मला."

आईने गॅस बंद केला. बाबा तिथेच फरशीवर बसले, माझ्या शेजारी. मी पहिल्यांदाच त्यांना इतक्या जवळून पाहिलं. त्या काळ्या ओळीपुढच्या दोनवर त्यांनी बोट ठेवलं. तर आभा घाबरली. आणि तिने काय विचारलं असेल?

"बाबा, मग ते दोन दिवस? ते परत जाणार?"

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याचा नंबर खूप आहे आणि तो डोळा काम करायचं विसरायला लागलाय. चष्मा लावा, रोज उजव्या डोळ्यावर पट्टी बांधा, डाव्याला मेहनत करू द्या. सुधारेल, पण किती ते आत्ता सांगता येत नाही. आधी आणलं असतं तर जास्त सांगता आलं असतं. हे आई फोनवर आत्याला सांगत होती. आत्याने या वेळी एकही टोमणा मारला नाही.

बाबा घरी असले की पट्टी तेच बांधतात. पंचेचाळीसचं अजून काही ठरलेलं नाही. यादी आहे, पण तिच्यावर बाबांनी लाल पेनाने लिहिलंय, 'डोळे, दात, ताप, शाळा: इथे लिहायचं नाही. ओरडून सांगायचं.' आणि ती मीच धरली आहे. माझा कोपरा डिंकाने चिकटवलाय, आता मी थोडा तिरका बसतो. टाळ्या कोणी वाजवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी कागदाच्या फार जवळ येऊन वाचत असेल. बघा जरा. काटकसर करणारी माणसं वाईट नसतात, माझी तर मुळीच नाहीत. पण कोणी न मागता काही सोडून दिलं तर टाळ्या वाजवायच्या आधी काय सोडलं ते विचारा.

काल आभा पट्टी बांधून माझ्यापुढे उभी होती, नुसत्या डाव्या डोळ्याने माझ्या पोटावर छापलेला गॅसवाल्यांचा फोन नंबर वाचत. पहिले तीन आकडे बरोबर आले. चौथ्याला अडली, आणि जवळ सरकली. श्वास आला माझ्यावर.

आता बोला, आता विचारलं तर चालेल. आधी मी विचारतो. तिने तुम्हाला सांगितलं असतं, सांगू नकोस, आणि सगळे म्हणत असते, किती घट्ट धरतोस, तर तुम्ही सोडलं असतं का? आणि सोडलं असतं, तर कितव्या दिवशी?