ना चाक, ना पाया

मित्रांनो, मी एक जुनी पोर्टा केबिन आहे. असं आपलं मी म्हणते. कागदावर मी कोण, हे ठरवायला नुकतेच पंधरा दिवस लागले आणि माझा गोंधळ अजून पुरता गेलेला नाही.

माझा जन्म शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका यार्डात झाला. युसुफ वेल्डरने माझे चारही कोपरे जोडले आणि थाप मारून म्हणाला, "यल्ला, ऑफिस तैयार." म्हणून मी ऑफिस. मग मला ट्रेलरवर चढवलं. ड्रायव्हरच्या कागदावर मी 'माल' होते. अबुधाबीतल्या रुवैसच्या यार्डात उतरले तर तिथे शिक्का बसला, 'तात्पुरती, सहा महिने'. त्याला आता अकरा वर्षं झाली.

पहिली काही वर्षं माझा थाट होता. इंजिनिअर लोक नकाशे पसरायचे, चहा प्यायचे आणि "काय थंड केबिन आहे" म्हणायचे. पुढे ते पक्क्या इमारतीत गेले, आणि माझ्यात नटबोल्ट नि गंजके पाइप कोंबले गेले. मी स्टोअर झाले. मग यार्डाला राखणदार हवा झाला, तेव्हा गुहागरचा दौलत एक बॅग घेऊन माझ्यात राहायला आला. त्याने पाइप बाहेर काढले, जमीन पुसली, एसीची जाळी धुतली. जाळी धुतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

यंदा दसऱ्याला दौलतने पाना, पक्कड, टॉर्च, पाण्याचा पंप अशा सगळ्यांना हळदकुंकू लावलं. आमचे साइट इन्चार्ज राजन सर पुण्याचे. त्यांनी दुबईतल्या बर दुबईच्या बाजारातून झेंडूचे हार आणले होते. एक उरला, तो दौलतने माझ्या दाराला बांधला. नेमक्या त्याच दिवशी तपासणी करायला सरकारी खात्याच्या एमान मॅडम आल्या.

"ये क्या है?" त्यांनी हाराकडे बोट दाखवलं.

प्रश्न आला की उत्तर दिल्याशिवाय राजन सरांना राहवत नाही. "मॅडम, टुडे वी वर्शिप अवर टूल्स अँड व्हेइकल्स."

"अच्छा. तो ये गाडी है."

आणि त्यांनी टॅबवर टिक केलं: वाहन. पंधरा दिवसांत नंबरप्लेट दाखवा, नाहीतर ही भंगारात.

"सर, मग माझं काय?" दौलतने विचारलं.

"राखणदाराने यार्डातच राहायचं, असं कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे. केबिन नाही तर राखणदार नाही. म्हणजे तू खलास."

"खलास म्हणजे गुहागर?"

"गुहागर."

दुसऱ्या दिवशी सर नंबरप्लेट मिळवायला वाहतूक कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, चाकं किती? सर म्हणाले, झिरो. त्याने फॉर्म परत दिला.

"चाकं लावूया का, सर?" दौलत म्हणाला.

सर बराच वेळ खरंच विचार करत होते.

मग त्यांनी मला घर म्हणून पाहिलं, तर घराला पाया लागतो, आणि मी चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभी. ऑफिस म्हणावं, तर ऑफिसात लुंगी वाळत नाही. माल म्हणावं, तर मालात माणूस झोपत नाही. हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं. कुणी मला विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

पंधराव्या दिवशी एमान मॅडम परत आल्या. दौलतने सकाळीच बॅग भरली होती. पायरीपाशी त्याच्या चपला, शेजारी सरांचे बूट. मॅडम थांबल्या आणि त्यांनी आपलेही बूट काढले.

"नो नीड, मॅडम," सर म्हणाले, "इट्स ओन्ली..."

"ओन्ली क्या? ऑफिस में जूता उतारते हो? गाडी में उतारते हो?"

त्यांनी टॅबवर बोट सरकवत सरकवत यादीच्या तळाशी नेलं. तिथे 'राहण्याची तात्पुरती जागा' असा रकाना होता. तो पहिल्यापासून होता. तिथवर कुणी गेलंच नव्हतं.

"लेकिन आदमी रहता है," त्या म्हणाल्या, "तो धुएँ का अलार्म चाहिए. और एक दरवाज़ा और. पीछे."

"इमर्जन्सी एक्झिट," राजन सरांनी दौलतला समजावलं.

"म्हणजे मागीलदार?"

"इमर्जन्सी एक्झिट, दौलत."

"तेच म्हणतोय मी, सर."

आठवड्याने माझी पाठ कापली. दुखलं, खोटं कशाला सांगू. दार बसलं, पास झालं. दौलतने बॅग रिकामी केली आणि बायकोला, आशाला, फोन लावला.

"अगं, घर पास झालं."

"कसलं घर? तुम्ही तर ऑफिसात राहत होतात ना?"

"आता घर आहे. मागीलदारसुद्धा आहे."

आशा म्हणाली, "मग मागीलदारी अळू लावा. एसीचं पाणी फुकट घालवू नका."

त्याने लावलंय. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. अळू बघून मी शेत ठरते की काय, अशी मला धास्ती आहे.

तेव्हा मित्रांनो, कुठे ना चाक ना पाया असलेली केबिन दिसली, तर ती काय आहे हे सावकाश ठरवा. आधी दाराशी चपला आहेत का बघा. असतील, तर तिला एक मागीलदार द्या.